गांजा कायदेशीर करायचा म्हटलं, तर वय किती ठेवायचं?

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला कायदा कुठल्या वयात काय करू देतो, ते एकदा ओळीनं मांडून बघा. अठरा पूर्ण झाली की मत देता येतं (१९८९ पर्यंत त्यालाही २१ लागायची), गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं आणि टपरीवर सिगारेट मागता येते. मुलीचं लग्न १८, मुलाचं २१. माइल्ड बिअर आणि वाइन २१. व्हिस्की-रमला मात्र २५. आमदारकीला उभं राहायलाही २५ लागतात, म्हणजे महाराष्ट्राच्या लेखी विधानसभेत बसायला आणि पेग भरायला सारखीच अक्कल लागते.

या यादीत गांजा कुठे बसतो? कुठेच नाही. सत्तरीतल्या आजोबांनाही बंदी आणि सतरा वर्षांच्या नातवालाही. म्हणून ‘गांजा कायदेशीर करावा का’ हा वाद सुरू झाला की वयाचा मुद्दा शेवटी, उठता उठता येतो. ‘आणि हो, अठराच्या वरच्यांनाच’ असं एखादा म्हणतो, सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. माझ्या मते तो सुरूच तिथून व्हायला हवा.

आधी आजचा कायदा, कारण त्याबद्दल गैरसमज फार. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात तो, गांजाच्या झाडाचे तुकडे करून पाहतो. झाडाचा चीक म्हणजे चरस, बंदी. फुलोरा म्हणजे गांजा, बंदी. पानं आणि बिया मात्र फुलोऱ्यासोबत नसतील तर या कायद्याच्या बाहेर. होळीच्या थंडाईतली भांग पानांची असते, म्हणून ती केंद्राच्या कायद्यात अडकत नाही. तिचं काय करायचं ते राज्यांवर सोडलंय, आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांगही चालत नाही. एकाच झाडाच्या दोन भागांत तुरुंगाचं अंतर आहे. म्हणूनच कोर्टात आरोपीचे वकील हमखास विचारतात, की पोलिसांनी वजन केलं तेव्हा पानं, दांडे, बिया वेगळ्या काढल्या होत्या का?

वजनाला एवढं महत्त्व, कारण सगळी शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाण’: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’: दहा ते वीस वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. नुसतं ओढलं, खिशात काही सापडलं नाही, तरी सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे.

यात एक गंमत आहे, आणि ती फारशी कुणी बोलत नाही. एका जॉइंटमध्ये, म्हणजे गांजा भरून वळलेल्या सिगारेटीत, साधारण अर्धा ग्रॅम गांजा जातो असं धरलं, तर एक किलोत दोन हजार जॉइंट होतात. खिशात एक पुडी घेऊन उपवनच्या तलावाकाठी बसलेला कॉलेजचा पोरगा आणि बॅगेत नऊशे ग्रॅम घेऊन लोकलनं कळव्याला उतरलेला विक्रेता, दोघं कायद्याच्या एकाच खान्यात. ‘अल्प’ हा खाना विक्रेत्याला सैल आणि पोराला घट्ट बसतो. एक वर्षाची शिक्षा प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण भोगावी लागत असेल, पण तो प्रश्नच नसतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे पोलीस ठाण्यातच जामीन देऊन घरी, असा हक्क नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. आणि पुढे पासपोर्टच्या किंवा सरकारी नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनला ती नोंद आडवी येते ती येतेच.

आता वादाकडे. ऐरोलीच्या एका सोसायटीच्या सभेत मध्यंतरी हा विषय निघाला. निमित्त गच्चीचं. पाण्याच्या टाकीमागे सफाईवाल्या मावशींना थोटकं सापडली होती: टपरीवर मिळणाऱ्या, जॉइंट वळायच्या गोगो कागदाचे जळके तुकडे, आणि फिल्टर म्हणून गुंडाळलेल्या व्हिजिटिंग कार्डाच्या पट्ट्या. त्यातली एक पट्टी उलगडली तर सोसायटीच्याच प्लंबरचा अर्धा फोन नंबर. सेक्रेटरी काका तापले. गच्चीला कुलूप, पोलिसांत तक्रार, कॅमेरे. तेव्हा चौथ्या मजल्यावरची, नुकती नोकरीला लागलेली मुलगी म्हणाली, “काका, थर्टी फर्स्टला तिथेच बाटल्या होत्या की.”

“अगं, दारूला परमिट असतं.”

“मग तेव्हा कुणाकडे होतं?”

सभेत हशा पिकला. काका म्हणतात ते खरं आहे, महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला आजही १९४९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. मुलगीही बरोबर आहे, तो कुणी काढत नाही. आणि हा प्रसंग सांगायचं कारण असं, की ‘स्वातंत्र्य’ म्हणून जे काही आपण बोलतो ते बहुतेक वेळा याच पातळीवर अडकतं. तुमची दारू चालते मग आमचा गांजा का नाही? हा प्रश्न न्याय्य आहे, पण यातून गांजा चांगला ठरत नाही. फार तर दारूबद्दल आपण ढोंगी आहोत एवढं ठरतं.

व्यक्तिस्वातंत्र्याचा खरा युक्तिवाद याहून भक्कम आहे. इंग्रज विचारवंत मिलनं तो एकोणिसाव्या शतकात मांडला आणि आगरकरांच्या पिढीनं तो मराठीत आणला: सज्ञान माणूस स्वतःचं काय करतो यात सरकारनं पडू नये, दुसऱ्याला इजा होत असेल तरच पडावं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हापासून या युक्तिवादाला आपल्याकडेही टेकू मिळाला. घराच्या चार भिंतींत एक प्रौढ माणूस काय ओढतो, याचा हिशेब ठाणेदारानं का ठेवावा?

विरोधी बाजूलाही राज्यघटनाच आहे. कलम ४७ सांगतं की आरोग्याला घातक अशी मादक पेयं आणि द्रव्यं बंद करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावरून कोर्टात सरकारला खेचता येत नाही, पण बंदीचा कायदा टिकवायला ते पुरतं. शिवाय हेल्मेटसक्ती आपण मान्य केलीच आहे, आणि डोकं आपलं स्वतःचंच असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मिलनं हे स्वातंत्र्य मुलांना दिलेलंच नाही. त्याचा सगळा युक्तिवाद ‘सज्ञान’ या शब्दावर उभा आहे. म्हणजे स्वातंत्र्यवाद्यांनाही वयाचं उत्तर द्यावंच लागतं.

तर वय. वैद्यकशास्त्र इथे काय म्हणतं ते थोडक्यात असं. मेंदूचा पुढचा भाग, जो परिणामांचा विचार करतो आणि मोह आवरतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी नेमका या घडणीत लुडबुड करतो. गांजा ओढून पाहिलेल्यांपैकी साधारण नऊ टक्के लोक त्यात अडकतात असा जुना आणि वारंवार सांगितला जाणारा अंदाज आहे. सुरुवात विशीच्या आत झाली असेल तर हे प्रमाण सहात एकापर्यंत जातं. कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र माल ओढणाऱ्यांत सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराचा धोका वाढलेला दिसतो, विशेषतः घरात तसा इतिहास असेल तर. दुसऱ्या बाजूनं, हेरॉइनसारखा श्वास थांबून मृत्यू गांजानं होत नाही. दारूनं होणारी यकृताची नासाडीही नाही. बंदीचे समर्थक हे सांगत नाहीत, आणि विरोधक सायकोसिसबद्दल गप्प बसतात.

‘तीव्र माल’ या शब्दांवर जरा थांबायला हवं. ‘गांजा आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे, साधूंच्या चिलमीत आहे, काय झालं?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याला पुरावाही आहे. ब्रिटिश सरकारनं १८९३-९४ मध्ये या विषयावर आयोग नेमला, ११९३ साक्षीदार तपासले आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनानं म्हणावं असं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. अहवाल जाडजूड आहे आणि त्या काळाच्या मानानं कमालीचा समतोल. पण तो शेतातल्या साध्या गांजाबद्दल आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात नव्वदच्या दशकाच्या मध्याला टीएचसी सरासरी चार टक्क्यांच्या आसपास होतं, वीस वर्षांत ते बारावर गेलं. आपल्याकडे ज्याला ‘हायड्रो’ म्हणतात, मातीशिवाय, बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला आणि बहुतेक परदेशातून येणारा, तो याच जातकुळीचा. पणजोबांच्या चिलमीचा दाखला त्याला लागू होत नाही. ताडी पचवणाऱ्याच्या भरवशावर कुणी पोराच्या हातात देशीची बाटली देणार नाही.

मग वय ठेवायचं किती? ज्या देशांनी बाजार खुला केला, त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. उरुग्वेनं २०१३ मध्ये सगळ्यांत आधी कायदा केला: वय १८, नावनोंदणी सक्तीची, औषधाच्या दुकानातून महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत. अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ च्या मतदानात तो खुला केला आणि दारूचंच वय लावलं, २१. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री सुरू झाली, आणि तिथला वाद आपल्याला सगळ्यांत उपयोगी आहे.

कॅनडातल्या डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं, २१ ठेवा आणि २५ पर्यंत प्रमाण आणि तीव्रता दोन्हींवर मर्यादा घाला. सरकारनं नेमलेल्या समितीनं ते ऐकून घेतलं आणि तरी १८ सुचवलं. कारण साधं: सगळ्यांत जास्त ओढणारा गट अठरा ते पंचविशीचाच. त्यांना दुकानाचं दार बंद केलं तर ते जुन्या विक्रेत्याकडेच जाणार, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला तेच बाहेर राहिले. केंद्रानं १८ ठेवलं, बहुतेक प्रांतांनी १९ केलं, आणि क्वेबेकनं आधी १८ ठेवून १ जानेवारी २०२० पासून ते २१ वर नेलं. एकाच देशात तीन वयं. मेंदू मात्र सीमा ओलांडल्यावर लहानमोठा होत नाही. वयोमर्यादा ही शास्त्रानं दिलेली संख्या नसते, दोन नुकसानांमधली तडजोड असते, हे त्यावरून दिसतं.

जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून जी शक्कल काढली ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. अठरा झालेल्याला जवळ २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅम बाळगता येतं, तीन झाडं लावता येतात. बाजारात दुकानं नाहीत, सभासदांचे नफा न कमावणारे क्लब आहेत. आणि क्लबमधून अठरा ते एकवीसच्या सभासदाला मिळणारा माल दहा टक्के टीएचसीच्या वर नसतो, तोही महिन्याला ३० ग्रॅमपर्यंतच. म्हणजे वयाची एकच रेघ मारून मोकळं न होता त्यांनी जिना बांधला.

उलट उदाहरण थायलंडचं. जून २०२२ मध्ये तिथे गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियमांचा पत्ता नाही. वय वीस असं काही दिवसांनी मागाहून ठरलं, आणि गल्लोगल्ली हजारो दुकानं उघडली. २०२५ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. नवी मुंबईतून बँकॉकला चार दिवस जाऊन आलेली मंडळी इथे येऊन जे किस्से सांगतात, ते याच मधल्या तीन वर्षांतले असतात.

खुल्या बाजारानं मुलांचं काय झालं? शाळकरी मुलं सरसकट गांजा ओढायला लागतील ही भीती बहुतेक पाहण्यांत खरी ठरलेली नाही. प्रौढांमधला वापर वाढला. आणि एक नुकसान असं झालं जे कुणाच्या फारसं ध्यानात नव्हतं: गांजा घातलेली चॉकलेटं आणि गोळ्या विकायला आल्यावर, घरातली लहान पोरं त्या खाऊ समजून खायला लागली आणि रुग्णालयात पोचली. कॅनडानं एका पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको आणि झाकण मुलांना उघडता येऊ नये असे नियम करूनही हे घडलं.

आता आपल्याकडे या. बंदीचा सगळ्यांत मोठा तोटा, माझ्या मते, हा की बंदीत विकणाऱ्याला वय विचारायचं कारणच उरत नाही. टपरीवाला निदान कधीतरी ‘घरी सांगू का?’ असं तरी विचारतो. पुडीवाल्याला ग्राहक सोळाचा की चाळिसाचा याच्याशी देणंघेणं नसतं. वर त्याच्या दुसऱ्या खिशात एमडी असते, मेफेड्रोन, जी गांजाच्या कितीतरी पटीनं घातक आहे आणि ठाणे-नवी मुंबईच्या पोलिसांची खरी डोकेदुखीही तीच. ‘आज गांजा नाहीये, हे घेऊन बघ’ या एका वाक्यात सतरा वर्षांचं पोर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातं. नेदरलँड्सनं १९७६ पासून कॉफीशॉपमधल्या किरकोळ विक्रीकडे काणाडोळा केला तो याचसाठी, की गांजाचं गिऱ्हाईक हेरॉइनवाल्याच्या दारात जाऊ नये.

खुला बाजार हे मात्र आपोआप सोडवेल असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण शंभर यार्डांवर उभं आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला तर कुठेच नाही, हा कायदा २००३ चा. वाशी, नेरूळ, नौपाडा, कुठल्याही कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडा आणि पावलं मोजा. पाटी लावलेली असते, ‘१८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री दंडनीय’, आणि त्याच पाटीला टेकून गणवेशातलं पोर सुटी सिगारेट पेटवत असतं. वाइन शॉपमध्ये एकविसाव्या वर्षाचा पुरावा किती जणांना मागितला गेला, हे वाचणाऱ्यांनी आपापलं आठवावं. वयोमर्यादा छापणं आणि वयोमर्यादा पाळणं यात आपण इतके कच्चे आहोत, की गांजाचं दुकान उघडून त्यावर ‘२१’ लिहिलं तर ती संख्या रंगापुरतीच राहील.

म्हणून माझं मत असं: दुकान नको, निदान आत्ता नको. पण स्वतःपुरतं बाळगणाऱ्या प्रौढाला गुन्हेगार ठरवणं थांबवावं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वादात त्या कायम एकमेकींत मिसळतात. पोर्तुगालनं २००१ मध्ये नेमकं हेच केलं. विक्री गुन्हाच ठेवली, पण दहा दिवस पुरेल इतका माल बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी एका समितीपुढे उभं केलं, जिथे समुपदेशक आणि डॉक्टर असतात. आपल्याकडे ‘एक किलोपर्यंत’ हा खाना फोडून पंचवीस-तीस ग्रॅमचा एक वेगळा खाना केला तरी मोठी सुरुवात होईल. आणि कधीकाळी विक्रीचा विचार झालाच तर २१, तेही जर्मनीसारख्या पायरीनं, २५ पर्यंत सौम्य माल. अठराला मत देणाऱ्याला एकविसापर्यंत थांबवणं हा अन्याय आहे हे मला मान्य आहे. पण मत चुकलं तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येतं.

हे आकडे कुणासाठी? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा ते पंच्याहत्तर वयाचे सुमारे ३.१ कोटी लोक वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतात, त्यातले दोन कोटींहून अधिक भांगेवाले. मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. दारू पिणारे १६ कोटी. हा देश गांजात बुडालाय असं नाही, आणि हा प्रश्न फक्त घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या पोरांचा आहे असंही नाही.

राहता राहिला एक मुद्दा, जो घरात पुडी सापडलेल्या आईबापांना आजच्या आज लागेल. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आत असेल तर त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि ज्यानं त्यांना माल दिला त्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यसनाबद्दल बोलायचं असेल तर सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मनाच्या आजाराची शंका असेल तर टेलीमानसची १४४१६. दोन्ही मोफत.

अठराच्या वर असेल तर एनडीपीएसमधलं कलम ६४-अ वाचून ठेवा. अल्प प्रमाणात पकडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्यानं पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. चांगलं कलम आहे, फक्त त्यात शब्द ‘व्यसनी’ असा आहे. रोज ओढणारा त्यात बसतो. मित्राच्या वाढदिवसाला येऊरला जाऊन दोन कश मारलेला एकोणीस वर्षांचा पोरगा व्यसनी नसतो, त्यामुळे त्याला ही वाट बंद आणि कोर्टाची उघडी. कायदा कधी बदलायला घेतलाच, तर संसदेनं आधी ही अट काढावी. त्याला ना दुकानं लागतात, ना परवाने, ना सार्वमत.